चिकूंशेजारी ठेवलेला मेंदू

बोकडाचा मेंदू मी घरच्या फ्रीजमध्ये ठेवला. चिकूंच्या शेजारी, दुधाच्या पातेल्याखाली. शनिवारी ठेवला आणि सोमवारी काढला. मूर्खपणा एवढाच. पुढचं सगळं त्यातून आपोआप निथळत आलं, आणि निथळणं हा शब्द मी विचार करून वापरतोय, कारण पिशवी गळत होती.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बेलापूरच्या बाजूला एका संशोधन संस्थेत मी वरिष्ठ संशोधन सहायक होतो. वरिष्ठ मला कोणी म्हणत नसे, संशोधन माझ्या हातून होत नसे, राहता राहिलं सहायक. ते मी होतो. माझं मुख्य काम मेंदू आणण्याचं.

मेंदू कशाला, तर आमच्या प्रयोगशाळेत अल्झायमरवर काम चाले. माणूस म्हातारपणी विसरत जातो, आधी चष्मा, मग रस्ता, मग बायको, तो रोग. त्या माणसाच्या मेंदूत दोन तऱ्हेचा कचरा साठलेला असतो. एक पेशींच्या बाहेर, चिकट पुटं. दुसरा पेशींच्या आत, दोऱ्यांचा गुंता. हे दोरे टाऊ नावाच्या प्रथिनाचे. निरोगी मेंदूत हेच टाऊ शहाण्यासारखं वागतं, पेशीच्या आतल्या बारीक नळ्यांना धरून ठेवतं. मग एक दिवस त्याला काय होतं कोण जाणे, नळ्या सोडतं आणि आपापसांत गुंतायला लागतं. ते 'काय होतं' शोधणं हा आमच्याकडच्या एका मुलीच्या पीएच.डी.चा विषय होता. त्यासाठी तिला शहाणं, न बिघडलेलं टाऊ लागे. माणसाचा मेंदू कोण देणार? म्हणून बोकडाचा.

मुलगी मूळची साताऱ्याकडची. वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते, कांद्याची पोती उचलत. तिला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. त्यातल्या बहुतेक वेळा ती मला हसत होती.

शनिवारी सकाळी मी थर्मोकोलचा डबा घेऊन करावेजवळच्या चाचांकडे जायचो. चाचा रायगड किनाऱ्याकडचे, तीन पिढ्यांचे खाटीक. दुकानाशेजारच्या कोळणीकडून बर्फाचा चुरा घ्यायचा. त्या बर्फाला बोंबलाचा वास, गटाराला रक्ताचा, आणि वारा फिरला की कारखान्यांकडून सडक्या कोबीसारखं काहीतरी. चाचा सत्तूर एकदा वर नेऊन खाली आणत, टक्. कवटी उघडे, आणि ते आत बोट घालून मेंदू अलगद काढत, शहाळ्यातली मलई काढावी तसा. मी तेव्हापासून शहाळ्याची मलई खात नाही.

"एकदम ताजा हाय साहेब. अजून गरम हाय, हात लावून बगा."

"नको चाचा."

"खायला नेत नाय, मग करता काय तुमी?"

"विसरायला कसं होतं ते शोधतो."

"बोकडाचं? बोकड काय लक्षात ठेवतो? गेल्या टायमाला डबा हितंच विसरून तुमीच गेला व्हता!"

तो डबा घेऊन सरळ प्रयोगशाळेत यायचं, वाटेत कुठेही थांबायचं नाही, हा त्या मुलीचा नियम. बोकड गेल्यापासून अर्ध्या तासात मेंदू थंड खोलीत पोचला नाही तर टाऊ नासायला लागतं, असं ती म्हणे. पोचल्यावर त्याचे तुकडे करून मिक्सरसारख्या यंत्रातून फिरवायचे. गुलाबी-राखाडी लापशी होई. तिच्यात एक रसायन घालायचं, ज्याचा वास मी वर्णन करत नाही, एवढंच सांगतो की कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसत नसे. मग लापशी यंत्रात गरागरा फिरवून वरचं पाणी घ्यायचं आणि ते चक्क उकळायचं. बाकीची प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटतात, टाऊ मात्र विरघळलेलं राहतं. शास्त्र म्हणून ही फार सुंदर युक्ती आहे. पण उकळताना सगळ्या मजल्यावर खानावळीचा वास सुटे, आणि तो वास भूक लावणारा असे. किळस आली ती त्याची. पोट म्हणे जेवायची वेळ झाली, डोळे म्हणत अरे बघ तरी काय शिजतंय.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. प्रत्येक मेंदूचा छोटा भाग वेगळा ठेवून त्याचे पातळ काप करायचे, त्यांना एक रंग लावायचा आणि निळ्या उजेडाच्या मायक्रोस्कोपखाली बघायचे. त्या रंगाचा गुण असा की मेंदूत रोगाची पुटं किंवा गुंते असले तर तो तिथे धरून बसतो आणि हिरवट-पिवळा चमकतो. बोकडाच्या मेंदूत रोग नसतो, त्यामुळे काप काळाकुट्ट दिसायला हवा. शितावरून भाताची परीक्षा. काप काळा, म्हणजे बोकड निरोगी, म्हणजे त्यातलं टाऊ शहाणं. दोन वर्षं मी काळे काप बघत होतो. अमावस्येला गच्चीवर उभं राहायचा पगार घ्यावा तसं काम.

त्या शनिवारी मॅच होती. चाचांकडून निघालो तेव्हा पहिली ओव्हर पडली असावी, कारण पानाच्या टपरीवरून रेडिओ ओरडत होता. डावीकडे प्रयोगशाळा, उजवीकडे नेरूळला माझं घर. मी म्हटलं, थंड म्हणजे थंड. थंड खोलीत काय आणि फ्रीजमध्ये काय. गेलो घरी. डब्यातला बर्फ पार वितळला होता, म्हणून पिशवी काढून फ्रीजमध्ये ठेवली, आणि मॅच संपेपर्यंत मेंदू हा विषय माझ्या मेंदूतून साफ गेला. रविवारी आठवला, पण रविवारी कोण जातं? दुपारी आई मावशीकडे पेणला गेली, चार दिवसांसाठी. मी एकटा, अंड्याची पोळी करून खाल्ली, फ्रीज उघडताना त्या पिशवीकडे बघितलं नाही.

सोमवारी बघावं लागलं. मेंदू जरा पिवळट वाटला. वरचा पातळ पापुद्राही निघालेला होता. मी मनाशी म्हटलं, नासायला लागला. हे कोणाला सांगावं, तर शनिवार सांगावा लागणार. त्यापेक्षा सलाइनमध्ये खळबळून धुतला, नाक दाबून, मान फिरवून, आंधळ्यासारखे काप केले. रंग लावल्यावर अल्कोहोलमध्ये काप नीट धुवायचे असतात. मी भजी तेलातून काढावी तसे बुडवले आणि काढले. मुलगी त्या दिवशी वाशीला तिचा अहवाल टाइप करून घ्यायला गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं तर मी छातीठोक सांगितलं, "शनिवारी चाचांचं दुकान बंद होतं. सोमवारी सकाळी ताजा आणला."

"शनिवारी मी डबा यायची वाट बघत पायरीवर बसले होते," ती म्हणाली.

"अरेरे," मी म्हणालो.

हे बोलणं झालं तेव्हा आदल्या दिवशीचे काप मायक्रोस्कोपखाली लागलेले होते. मी डोळा लावला आणि ओरडलो. काप चमकत होता! हिरवट-पिवळा, डागाडागांनी, दिवाळीतल्या खिडकीसारखा. तिने डोळा लावला. ती काप पुढे-मागे सरकवून बघत राहिली. मी मात्र जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत मोठ्या सरांच्या खोलीत.

मोठे सर म्हणजे आमचे प्रमुख. बटाटेवड्याचा घास हातात घेऊन ते तसेच वर आले, काप बघितला, आणि तेलकट बोटाने मायक्रोस्कोपला थोपटलं. "रोगी बोकड!" ते म्हणाले. "अरे, जनावरात हा रोग आपोआप झालेला अजून कोणाला धड सापडत नाही, आणि आपल्याकडे चाचांच्या दुकानात टांगलाय! पेपर होईल. मोठा पेपर होईल."

"सर, माझं नाव..."

"घालू की. शेवटी."

शेवटी तर शेवटी. मला त्या क्षणी गगन ठेंगणं झालं होतं. अमावस्येच्या पहारेकऱ्याला चंद्र दिसला होता.

मग सर तिच्याकडे वळले. आवाज एकदम मऊ केला त्यांनी, आणि त्या मऊपणाची मला अजून शिसारी आहे. "बघ बेटा, बोकडाच्याच मेंदूत गुंते असतील, तर तू दोन वर्षं जे टाऊ काढलंस ते शहाणं होतं कशावरून? सगळा पाया गेला ना. शुक्रवारी समिती येतेय तुझी फेलोशिप वाढवायची की नाही ते ठरवायला. मला वाटतं, तू आपणहून सांग की विषय बंद करते. मग हा नवीन विषय मी बघतो."

"आणि मी?"

"तुला काय, हुशार आहेस. क्लासेस घे. कोपरखैरण्यात किती मागणी आहे."

तिचं तोंड बघवत नव्हतं. दोन वर्षं त्या लापशीत कोपरापर्यंत हात घालून तिने जे गोळा केलं ते एका चमकत्या कापाने नासलं होतं. समितीने नाही म्हटलं की शनिवारपासून दहावीच्या पोरांना पेशीची आकृती काढून दाखवायची, आयुष्यभर. आणि मी काय करत होतो? मी मनात पेपरच्या शेवटी माझं नाव इंग्रजीत कसं लिहायचं, वडलांचं आद्याक्षर घालायचं की नाही, याचा विचार करत होतो. आनंदात होतो मी. फ्रीजमधला मेंदू, बोंबलाचा बर्फ, ते उकळणं, या सगळ्याची एकत्र किळस केली तरी त्या आनंदाच्या पासंगाला पुरणार नाही.

बुधवारी ती माझ्या टेबलाशी आली. "दादा, रंग न लावलेला काप कुठाय?"

असा एक काप ठेवायचा असतो. तुलनेसाठी. मी दोन वर्षांत कधीच ठेवला नव्हता, काळ्याची काळ्याशी काय तुलना करायची? "संपला," मी म्हणालो. ती थंड खोलीत गेली, उरलेल्या तुकड्याचा काप तिने स्वतः केला. तो तिला काय दिसला ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सरांनी मला पेपरसाठी फोटो काढायला बसवलं होतं आणि मी कलावंत झालो होतो.

गुरुवारी संध्याकाळी ती माझ्या घरी आली. पहिल्यांदाच. आई तासाभरापूर्वी पेणहून परतली होती, आत पोह्याचे पापड डब्यात भरत होती. मुलगी चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"दादा, मेंदू तुम्ही सोमवारी सकाळी चाचांकडून आणलात?"

"सांगितलं ना. ताजा."

"सोमवारी चाचा दुकान उघडत नाहीत. आमच्याकडची, तुमच्याकडची, निम्मी गिऱ्हाइकं सोमवार पाळतात. त्यांच्या दारावर पाटी आहे."

पाटी होती. दोन वर्षं मी त्या पाटीखाली उभा राहून बोकडाची वाट बघितली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"शनिवारी मेंदू कुठे होता?"

"प्रयोगशाळेत. मागच्या दाराने..."

आतून आईचा आवाज आला. "कुठला मेंदू रे? तो भेजा का? बरी आठवण केलीस! मेल्या, कुठे गेला तो?"

मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. ती सरळ आत बघून म्हणाली, "काकू, तुम्ही बघितला होतात?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "बघितला म्हणजे? पिशवी गळत होती, माझ्या चिकूंवर. या बैलाला भेजा आणायचं सुचलं, साफ करायचं नाही. वरची साल काढली, शिरा काढल्या, हळद-मीठ चोळून ठेवला. म्हटलं रविवारी कांद्यावर परतते. तर मावशीचा फोन आला. आता येऊन बघते तर फ्रीज रिकामा! एकट्याने खाल्लास होय रे? कच्चा?"

आईला 'खाल्ला नाही, कापून काचेवर लावला, आणि त्यावर मोठे सर जग जिंकायला निघालेत' हे कसं सांगायचं?

मुलगी खाली जमिनीवर बसली. चक्कर आली की काय म्हणून आई पाणी आणायला वळली, पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती, तोंडावर ओढणी धरून.

"काकू, हळद किती लावलीत?"

"चांगली मूठभर. घरची आहे, सांगलीहून आणलेली. नुसती चिमूट टाकली तर वास जात नाही."

मग तिने मला समजावलं, शाळेतल्या पोराला समजावावं तसं, क्लासेसची सवय आधीच लागल्यासारखं. हळद निळ्या उजेडात आपणहून चमकते, हिरवट-पिवळी. तिला आमचा रंग लागतच नाही. रंग न लावलेला कापही तसाच चमकत होता, म्हणून तिला संशय आला. आणि चमक कडेला दाट होती, आत जाताना विरळ. "रोग बाहेरून आत शिरत नाही, दादा. मसाला शिरतो."

पुढे कित्येक वर्षांनी लोकांनी याच रोगासाठी हळदीवर गंभीरपणे प्रयोग केले, हे खरं आहे. त्या अर्थाने मी काळाच्या पुढे होतो. हे मी एकदा तिला बोलून दाखवलं. परत नाही दाखवलं.

जाताना तिने आईकडून कागदाच्या पुडीत हळद मागून घेतली. शुक्रवारी सकाळी ती स्वतः चाचांकडे गेली, ताजा मेंदू अर्ध्या तासात आणला. निम्म्या कापांना हळदीचं पाणी, निम्मे कोरे. हळदीचं पाणी तिने मला कालवायला लावलं. माझी नखं आठवडाभर पिवळी होती, लग्नघरातून आल्यासारखी.

दुपारी समिती आली. तिघे जण, त्यात पुण्याच्या एक वयस्क बाई. आत जाण्याआधी तिने सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं सर ओरडतील, माझ्यावर निदान. ते ओरडले नाहीत. रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "उत्तम. मग असं सांगू की ही हळद आपण मुद्दाम लावली होती. तपासून बघायला. पहिल्यापासून ठरलं होतं."

आठवड्यात इतके वास झेलले मी. या वाक्याने मला खरीखुरी ओकारी आली. संडासात जाऊन तोंड धुवून आलो तोवर ती समितीपुढे उभी होती.

"मुद्दाम नाही," ती म्हणत होती. "चूक झाली होती. मेंदू शनिवार ते सोमवार एका घरच्या फ्रीजमध्ये होता आणि त्याला हळद-मीठ लावलेलं होतं." मग तिने मायक्रोस्कोप त्यांच्यापुढे सरकवला. हळदीचा काप, चमकता. बिनहळदीचा काप, आमचा नेहमीचा रंग लावलेला, काळाकुट्ट. मी दोन वर्षांत इतका सुंदर काळा रंग बघितला नव्हता. "बोकड निरोगी आहेत. मी काढलेलं टाऊ निरोगी आहे. आता ते काचेच्या नळीत कशाने बिघडतं ते मला शोधायचंय. एक वर्ष लागेल."

पुण्याच्या बाईंनी खूप वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून ठेवला. खांदे हलत होते म्हणून कळलं की त्या हसताहेत. "कांद्यावर परतणार होते का?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. रविवारी," ती म्हणाली.

"आणि हा काप कोणी केला? तो पहिला?"

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सरांनी सर्वांत आधी. मी हात वर केला. पिवळा हात.

"यांनी चार दिवसांत कोणाला काही सांगितलं नाही?"

"नाही मॅडम," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली, आजाऱ्याच्या खाटेपाशी हलवतात तशी, आणि कागदावर सही केली. एक वर्ष वाढवलं. चहा आला, वडे आले. मला वड्याकडे बघवेना, त्याच्या आत पिवळं होतं.

संध्याकाळी ती काप डब्यात भरत होती. मी आपला जवळ जाऊन उभा राहिलो, काहीतरी मोठ्या मनाचं बोलावं म्हणून. म्हटलं, "बरं झालं सगळं. आता पुढच्या शनिवारपासून मेंदू आणायला मी परत..."

"नको," ती म्हणाली. डब्याचं झाकण लावलं, वर बघितलंही नाही. "काकूंना विचारा येतील का. त्यांना काय केलं ते आठवतं, आणि विचारलं की सांगतात."